कॉकपिटसाठी नवा डिस्प्ले तयार करताना: पॅनेल सगळ्यात आधी विकत घेऊ नका

"काका, पॅनेल मिळालं. हजार निट्सचं आहे. डबा कधी देताय?"

बेळगावच्या उद्यमबागेतल्या माझ्या शेडमध्ये असा फोन वर्षातून चार-सहा वेळा तरी येतो. कधी मच्छेकडच्या कॉलेजातली शेवटच्या वर्षाची पोरं असतात, कधी निपाणी-चिकोडीकडचा ड्रोनच्या ग्राउंड स्टेशनचं काम करणारा असतो, कधी हत्तरगीच्या एरोस्पेस पट्ट्यात सुटे भाग पुरवणारा आणि आता इलेक्ट्रॉनिक्समध्ये पाय टाकू बघणारा एखादा कारखानदार. सगळ्यांची सुरुवात एकाच ठिकाणी होते: आधी पॅनेल, मग त्याच्या मापाचा धातूचा डबा, मग डब्यात बसेल ती सर्किट, आणि पडदा गोठला तर काय, हा प्रश्न शेवटी. हा क्रम जवळजवळ उलटा करायचा असतो. त्यात पैसे जातात ते वेगळंच, पण सहा महिने जातात त्याचं वाईट वाटतं.

डबा बनवण्यात आपल्या भागाचा हात कोणी धरणार नाही. दोन शतांश मिलिमीटरचं काम इथे रोजचं आहे. म्हणूनच आपण डब्यापासून सुरू करतो, जे येतं ते आधी करतो. खाली दिलेला क्रम पाळायला थोडा कंटाळवाणा आहे. तरी पाळा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. इथे सांगितलं आहे ते नमुना-युनिट चाचणीच्या लॅबपर्यंत नेण्यापुरतं. मंजुरी नसलेलं युनिट खऱ्या विमानात बसवायचं नाही, "फक्त एक चक्कर" म्हणूनही नाही.

## टप्पा १: पडदा खोटं काय बोलू शकतो ते कागदावर मांडा

डिस्प्लेचे बिघाड दोन जातीचे. एकात पडदा काळा पडतो. दुसऱ्यात पडदा छान चालू दिसतो, पण दाखवतो ते चूक असतं. नवखा माणूस पहिल्याला घाबरतो. घाबरायचं दुसऱ्याला. पडदा काळा पडला की वैमानिकाला ताबडतोब कळतं आणि नजर शेजारच्या पडद्यावर किंवा राखीव उपकरणावर जाते. दहा सेकंदांपूर्वीचा विमानाचा कल दाखवत गोठलेल्या पडद्यावर मात्र तो विश्वास ठेवतो, आणि ढगात असेल तर विमान त्या खोट्या क्षितिजाप्रमाणे वळवतो.

मोठ्या प्रवासी विमानांच्या नियमांत याला आकडे लावले आहेत. ज्या बिघाडाने विमानच जाऊ शकतं, तो उड्डाणाच्या दर तासाला अब्जात एकापेक्षा दुर्मीळ हवा. त्याखालच्या पायरीला कोटीत एक, त्याखालच्या पायरीला लाखात एक. दोन्ही मुख्य पडद्यांवर एकाच वेळी चुकीचा कल दिसणं हे पहिल्या पायरीवर येतं.

एक कोरा कागद घ्या, चार रकाने पाडा. पडद्यावर काय दिसणार, ते गायब झालं तर काय होईल, ते चुकीचं दिसलं तर काय होईल, आणि चुकीचं आहे हे वैमानिकाला कशावरून कळेल. वेग, उंची, कल, इंजिनाचं तापमान, इंधन, नकाशा, प्रत्येकाची एक ओळ. चौथा रकाना जिथे कोरा राहील, तिथे तुमचं खरं काम आहे. सॉफ्टवेअर डीओ-१७८सी (विमानातल्या सॉफ्टवेअरचा मापदंड) मधल्या ए ते ई यांपैकी कुठल्या पातळीवर लिहायचं, हेही याच कागदावरून ठरतं. नकाशाला जी पातळी चालेल ती कलाला चालणार नाही.

तपासा: हा कागद विमानाच्या जवळ काम केलेल्या माणसाला दाखवा. सांबऱ्याला नोकरी करून निवृत्त झालेला एखादा एअरफोर्सवाला बेळगावात प्रत्येकाच्या ओळखीत असतोच. तो पाच मिनिटांत दोन ओळी खोडेल आणि तीन वाढवेल.

## टप्पा २: उजेडाचं गणित, तेही खरेदीआधी

निट हे पडद्याच्या तेजाचं माप, पण "हजार निट्स" हा आकडा एकटा काही सांगत नाही. पडदा वाचता येतो तो उजळ आणि काळ्या भागांतल्या फरकावर, आणि उन्हात तो फरक खातं ते काचेवरचं प्रतिबिंब.

एक हिशोब करून दाखवतो. भर उन्हात सुमारे १,००,००० लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचं माप) प्रकाश पडतो. वैमानिकाच्या पांढऱ्या शर्टावर हे ऊन पडलं आणि शर्टाने त्यातला पाऊण भाग परत फेकला, तर शर्ट साधारण २४,००० निट्सने उजळतो. तो शर्ट समोरच्या काचेत दिसतो. साध्या काचेचा हवेला लागणारा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत पाठवतो. पुढची काच, तिची मागची बाजू, मधली हवेची फट, त्यामागे पॅनेलचा पृष्ठभाग: असे तीन पृष्ठभाग म्हणजे १२ टक्के. २४,००० चे १२ टक्के म्हणजे जवळपास २,९०० निट्स. तुमच्या हजार निट्सच्या अक्षरांवर एकोणतीसशे निट्सचा शर्ट पसरलेला! उजळ आणि काळ्याचं गुणोत्तर निघतं १.३ च्या आसपास. त्यात आकडे वाचता येत नाहीत.

आता दोन उपाय तपासा. पॅनेल दुप्पट तेजस्वी घेतलं, २,००० निट्स: गुणोत्तर १.७. पैसे गेले, वीज दुप्पट, उष्णता दुप्पट, आणि पडदा अजून धुरकटच. त्याऐवजी पॅनेल तेच ठेवून मधली फट भरली, पुढच्या काचेला परावर्तनरोधक लेप दिला आणि एकूण परावर्तन १ टक्क्यावर आणलं, तर प्रतिबिंब २४० निट्सचं उरतं आणि गुणोत्तर ५ च्या वर जातं.

मागच्या उन्हाळ्यात खानापूरकडचा एक मुलगा दुधाच्या पिशवीत गुंडाळून आपला नमुना घेऊन आला होता. शेडमध्ये ट्यूबलाइटखाली चित्र झकास. मी म्हटलं, चल, बाहेर जाऊ. बाहेर त्याला पडद्यात स्वतःचा चेहरा दिसला, मागचं आंब्याचं झाड दिसलं, झाडावरच्या कैऱ्याही मोजता आल्या असत्या. उंचीचा आकडा तेवढा दिसला नाही.

तपासा: दुपारी बारा ते दोन, गच्चीवर, पांढरा शर्ट घालून, डोळ्यांपासून ७० सेंटीमीटरवर पडदा धरा. मोबाइलच्या ॲपवर उजेड मोजू नका, कॉलेजच्या लॅबमधून लक्समीटर मागून आणा. अक्षरांची उंची अंतराच्या दोनशेव्या भागापेक्षा, म्हणजे इथे साडेतीन मिलिमीटरपेक्षा, कमी ठेवू नका.

सावध: पोलराइज्ड गॉगल घालून पडद्यासमोर मान दोन्हीकडे तिरकी करा. एलसीडीतून बाहेर येणारा प्रकाश पोलराइज्डच असतो, ठरावीक कोनात पडदा काळा ठिक्कर पडतो. वैमानिकांना असे गॉगल न वापरण्याचा सल्ला दिलेला असतो, पण तुमचा पडदा त्या सल्ल्याच्या भरवशावर सोडू नका. पुढच्या थरात योग्य रिटार्डर फिल्म (प्रकाशाचं पोलरायझेशन बदलणारा पातळ थर) घातली की प्रश्न सुटतो, मात्र ती बाँडिंगच्या, म्हणजे काच चिकटवण्याच्या, आधी घालावी लागते.

## टप्पा ३: आता पॅनेलची जात ठरवा

"नवीन ते चांगलं" हे इथे धरून चालू नका.

एलसीडी जुनं वाटेल, पण बहुतेक कामांना अजून तेच योग्य. तिचा मागचा उजेड वेगळा असल्यामुळे तो तुम्हाला हवा तसा बदलता येतो. खोट दोन ठिकाणी. थंडीत द्रवस्फटिक सुस्त होतात आणि फिरणारी सुई मागे शेपूट सोडते. फार उष्णतेत तो द्रवस्फटिक राहतच नाही, पडद्यावर काळे डाग पसरतात आणि थंड झाल्यावर जातात. मोटारीसाठी बनलेलं पॅनेल सहसा उणे ४० ते ८५ अंश सेल्सियसपर्यंत चालण्यासाठी बनवलेलं असतं. टॅबलेटचं पॅनेल तसं नसतं. पॅनेल शोधायचं तर मोटारीच्या दुनियेत शोधा.

ओएलईडीचा, म्हणजे सेंद्रिय पदार्थाच्या स्वतः उजळणाऱ्या बिंदूंच्या पडद्याचा, काळा रंग खरोखर काळा असतो, कारण त्या ठिकाणी उजेडच बंद असतो. रात्रीच्या कामाला हे अमोल आहे. एफ-३५ च्या हेल्मेटमध्ये सुरुवातीला एलसीडी होती आणि तिच्या मागच्या उजेडाची हिरवट झाक अंधाऱ्या रात्री विमानवाहू जहाजावर उतरताना वैमानिकांना त्रास देई. पुढे तिथे ओएलईडी आणावी लागली. पण हेल्मेटमधला बोटभर पडदा वेगळा आणि पॅनेलवरचा दहा इंची वेगळा. ओएलईडीत निळा रंग सगळ्यात लवकर म्हातारा होतो. आणि कृत्रिम क्षितिजाचा वरचा अर्धा भाग कोणत्या रंगाचा असतो? आकाशाचा निळा, तासन्तास, जवळजवळ त्याच जागी. वेगाच्या पट्टीची चौकट, बटणांची नावं, सगळं जागच्या जागी. काही महिन्यांत त्या आकृत्यांची भुतं पडद्यावर कायमची बसतात. उष्णतेत हे आणखी लवकर होतं.

मायक्रोएलईडी म्हणजे अगदी बारीक एलईडी दिव्यांचा पडदा, सेंद्रिय नसलेल्या पदार्थाचा, म्हणून टिकाऊ, आणि उजेड भरपूर. हेडअप डिस्प्लेच्या (समोरच्या काचेवर नजरेसमोर माहिती दाखवणाऱ्या उपकरणाच्या) छोट्या पडद्यांना त्याचं भविष्य आहे असं माझं मत. मोठ्या पडद्यात लाखो बारीक दिवे एकेक करून जागेवर बसवावे लागतात, त्यात काही मेलेले निघतात, आणि फार बारीक केल्यावर लाल दिव्यांची कार्यक्षमता घसरते. आज तुम्हाला शंभर नग सलग एकसारखे मिळणार आहेत का, हे विक्रेत्याला लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजा.

यापुढचा मुद्दा पोरांना कोणी शिकवत नाही. बाजारातलं पॅनेल दोन-पाच वर्षांत बंद होतं, विमान तीस वर्षं उडतं. पॅनेल बदललं की नुसता पडदा बदलत नाही: बसवायची चौकट, कनेक्टर, उजेडाचा ड्रायव्हर, चाचण्या, सगळं पुन्हा. म्हणून सर्किटचे पहिल्याच दिवशी दोन भाग करा. चित्र तयार करणारा बोर्ड वेगळा, आणि पॅनेलशी बोलणारा छोटा बोर्ड वेगळा. उद्या पॅनेल बदललं तर छोटा बोर्ड बदलेल.

सावध: पॅनेलचं डेटाशीट विक्रेत्याच्या वेबसाइटवरचं नको, बनवणाऱ्याचं सही-शिक्क्याचं हवं. वेबसाइटवरचा "ठरावीक" आकडा आणि करारातला "किमान" आकडा यांत पुष्कळ अंतर असतं.

## टप्पा ४: काच चिकटवणं

इथे मी जास्त थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त नमुने याच टेबलावर मरतात. ऑप्टिकल बाँडिंग म्हणजे पुढची काच आणि पॅनेल यांच्यामधली हवा काढून तिथे पारदर्शक सिलिकॉन किंवा ॲक्रिलिक भरणं. टप्पा २ मधलं अर्धं गणित यावर उभं आहे.

१. जागा. फाउंड्रीच्या शेजारच्या शेडमध्ये हे काम करू नका. वाळूचा एक कण मध्ये अडकला की पडद्यावर तारा चमकतो. कॉलेजात स्वच्छ हवेचं टेबल असेल तर तिथे करा.

२. ऋतू. जुलैत खानापूर-जांबोटी भागात आठवडाभर भिंतीसुद्धा ओल्या असतात. तेव्हा काच आणि पॅनेल आधी कोरड्या, कोमट ओव्हनमध्ये ठेवून ओलावा घालवा, आणि लगेच वापरा. रात्रभर टेबलावर ठेवून सकाळी चिकटवलेलं पॅनेल पुढे गरम चाचणीत फुगे सोडतं.

३. हातमोजे. ही माझी स्वतःची फजिती. एका नमुन्याची कड तीन आठवडे चिकटच राहिली, वाळेचना. रसायनाला शिव्या घातल्या, नवीन डबा मागवला, तरी तेच. शेवटी कळलं की पोरगा लेटेक्सचे हातमोजे घालून काम करत होता. दोन भाग मिसळून वाळणारं प्लॅटिनम जातीचं सिलिकॉन लेटेक्समधल्या गंधकाने वाळायचं थांबतं. सोल्डरिंगच्या काही फ्लक्सचे अवशेषही तोच उद्योग करतात. नायट्राइलचे मोजे वापरा आणि आधी काचेच्या तुकड्यावर थेंब टाकून बघा.

४. ओतणं. मिश्रण आधी व्हॅक्यूममध्ये ठेवून हवा काढा. मग मधोमध इंग्रजी एक्सच्या आकारात ओता आणि काच एका कडेने हळूहळू खाली टेकवा. वरून दाबू नका.

५. वाळणं. घाईने उष्णता दिली की चिकट थर आकसतो आणि पॅनेलला ओढतो. मग करड्या पडद्यावर ढगासारखे डाग दिसतात. हे डाग निघत नाहीत.

तपासा: खोली पूर्ण अंधारी करा, पडदा एकसारखा फिकट करडा करा, दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या, मग बघा. फुगे, ढग, कडेची सावली, सगळं तेव्हाच दिसतं. फोटो काढून युनिटच्या नंबरासह ठेवा. चाचण्यांनंतर याच फोटोशी तुलना करायची आहे.

## टप्पा ५: डबा, आणि डब्यातली हवा

आता डबा. दोनच गोष्टी सांगतो, बाकी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

पहिली: काचेला घट्ट आवळू नका. ॲल्युमिनियम तापमानाच्या दर अंशाला सुमारे २३ भाग प्रति दशलक्ष वाढतं, डिस्प्लेची काच साधारण ३ ते ४. तीनशे मिलिमीटर लांबीच्या पॅनेलला शंभर अंशांचा फरक पडला तर दोघांत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त ओढाताण होते. आपण अभिमानाने दिलेलं घट्ट फिटिंग इथे काच फोडतं. चारही बाजूंना जागा आणि मऊ गास्केट ठेवा.

दुसरी: वर हवा विरळ असते. १५,००० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ६३ टक्के. शेडमध्ये पंख्याने थंड राहणारा बोर्ड तिथे तापतो. उष्णता हवेच्या नव्हे, धातूच्या वाटेने डब्याच्या मागच्या भिंतीपर्यंत न्या. पंखा असेलच तर तो बंद पडला असं समजून गणित करा.

रिबन केबलचे चिमुकले कनेक्टर हादऱ्याने सुटतात. लॉक असलेलेच घ्या, वर चिकटवणीचा ठिपका द्या. आणि "चोर्ला घाटातून गोव्याला गाडीच्या डिकीत घालून नेलं, काही झालं नाही" हा हादऱ्याचा पुरावा नव्हे. ही डिकीची गोष्ट मला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितली आहे. घाटाची अवस्था मला मान्य आहे, पण हेलिकॉप्टरचा हादरा ठरावीक कंपनसंख्येवर तासन्तास चालतो, खड्ड्यांसारखा येऊन जात नाही.

## टप्पा ६: वीज आणि रेडिओतला गोंगाट

विमानातली २८ व्होल्टची लाइन नेहमी २८ व्होल्ट नसते. डीओ-१६०जी (विमानातल्या उपकरणांच्या चाचण्यांचा मापदंड) मधल्या सर्वांत कडक वर्गात ती क्षणभर ८० व्होल्टपर्यंत चढते, आणि वेगळ्या चाचणीत ६०० व्होल्टचा काही मायक्रोसेकंदांचा फटकारा बसतो. मोटारीच्या बॅटरीवर चाललेलं युनिट यातून पार पडेल असं गृहीत धरू नका. वीज क्षणभर गेली तर पडदा किती सेकंदांत परत येतो तेही मोजा. संगणकासारखं चाळीस सेकंदांचं बूटिंग चालत नाही.

गोंगाटाचं एक उदाहरण जवळून बघा. १०२४ गुणिले ७६८ च्या पडद्याचं पिक्सेल-घड्याळ (पिक्सेल ज्या तालावर पाठवले जातात तो) साधारण ६५ मेगाहर्ट्झ असतं. त्याचा दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट कंपनसंख्या, १३० मेगाहर्ट्झ. आणि विमान ज्यावर टॉवरशी बोलतं तो पट्टा आहे ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ. म्हणजे तुमचा पडदा सरळ वैमानिकाच्या कानात खरखरतो. ८०० गुणिले ६०० ला ४० मेगाहर्ट्झ घेतलं तर तिसरा हार्मोनिक १२० वर, तोही आतच. घड्याळ निवडताना गुणाकाराचा तक्ता लिहून काढा: पहिले दहा हार्मोनिक, आणि शेजारी रेडिओ, आयएलएस (उतरताना वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा), जीपीएसचे पट्टे. दहा मिनिटांचं काम आहे, आणि बोर्ड छापायच्या आधी ते फुकट असतं.

तपासा: स्पेक्ट्रम ॲनालायझरला लहान वळ्याचा प्रोब लावून तो केबलवरून, बॅकलाइटच्या ड्रायव्हरवरून, काचेच्या कडेवरून फिरवा. डब्याचं झाकण बंद करून पुन्हा फिरवा. बहुतेक गळती पुढच्या काचेतून होते, तिथे पारदर्शक वाहक लेप लागतो आणि तो डब्याला चारही बाजूंनी जोडलेला हवा. टचस्क्रीन असेल तर स्थिर विजेची चाचणीही आत्ताच करून बघा, प्रमाणात ती १५,००० व्होल्टची आहे.

## टप्पा ७: रात्र

दिवसाचे हजार निट्स रात्री ०.३ निट्सवर उतरवायचे असतात, म्हणजे ३,३०० पटींनी कमी. नुसता उजेड चालू-बंद करून हे साधायला गेलात तर सेकंदाला २०० वेळच्या झपाट्यात दर वेळी दिवा जेमतेम दीड मायक्रोसेकंद पेटवावा लागतो. साधा ड्रायव्हर तिथे लुकलुकायला लागतो. म्हणून दोन पायऱ्या करा: आधी विद्युतप्रवाह कमी करा, मग चालू-बंद. पायऱ्या सारख्या अंतराच्या नकोत, डोळा गुणाकाराने बघतो. २५६ पायऱ्यांत खालच्या टोकाला उड्या दिसतात.

ओएलईडी वापरली असेल तर अगदी खालच्या उजेडात पडद्याचे पट्टे-डाग तपासा. तिची सगळी खोट तिथे लपलेली असते.

नाइट व्हिजन गॉगलसोबत वापरायचं असेल तर लाल आणि त्यापलीकडची अदृश्य गळती रोखणारे फिल्टर लागतात, त्यासाठी एमआयएल-एसटीडी-३००९ हा अमेरिकी लष्करी मापदंड बघा. पण फिल्टरने इशाऱ्याचा लाल रंग नारिंगी करून टाकला तर तेही चालत नाही: लाल म्हणजे तातडीचा धोका आणि पिवळसर अंबर म्हणजे सावधान, हे नियमातलं आहे, आवडीनिवडीचं नाही.

## टप्पा ८: पडदा जिवंत आहे का?

टप्पा १ मधला चौथा रकाना आठवा. आता तो भरायचा.

आजच्या पॅनेलमध्ये एक सोय असते जी आपल्यासाठी सापळा आहे. वीज वाचावी म्हणून एम्बेडेड डिस्प्लेपोर्टची (लॅपटॉपच्या आतली पडद्याची जोडणी) बरीच पॅनेल्स शेवटचं चित्र स्वतःच्या स्मृतीत ठेवून तेच दाखवत राहतात. लॅपटॉपला छान. कॉकपिटमध्ये याचा अर्थ असा की चित्र पाठवणारा संगणक मेला तरी पडदा हसतमुखाने जुनं क्षितिज दाखवतो. ही सोय बंद करा, आणि बंद झाली याची खात्री केबल उपटून करा.

पुढे:

१. चित्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरने प्रत्येक फ्रेममध्ये कोपऱ्यातल्या काही पिक्सेलमध्ये बदलता आकडा लिहावा.

२. पॅनेलजवळच्या छोट्या बोर्डाने तो वाचावा. ठरलेल्या वेळात आकडा बदलला नाही तर त्याने स्वतः, मुख्य संगणकाला न विचारता, मागचा उजेड तोडावा.

३. कलासारख्या नाजूक माहितीसाठी पडद्यावर गेलेलं चित्र परत वाचून मूळ आकड्याशी ताडून बघा.

४. सेन्सरकडून माहिती येणं थांबलं तर जुना आकडा ठेवू नका. त्या जागी मोठी लाल फुली.

तपासा: सेन्सरची केबल काढा. चित्राची केबल काढा. चित्र काढणारा प्रोग्राम मारू नका, नुसता थांबवा, कारण मेलेला प्रोग्राम ओळखणं सोपं असतं, झोपलेला नाही. प्रत्येक वेळी घड्याळ लावून पडद्याने कबुली द्यायला किती वेळ घेतला ते लिहा.

## टप्पा ९: लॅबला जाताना

चाचण्यांचा आधार डीओ-१६०जी. दाबयुक्त केबिनमधल्या उपकरणांच्या ए१ वर्गाला चालू स्थितीत उणे १५ ते ५५ अंश, आणि बंद स्थितीत उणे ५५ ते ८५ अंश सोसावे लागतात. विमानात तुमचं युनिट नेमकं कुठे बसणार यावर वर्ग ठरतो, म्हणून तो आधी ठरवा, लॅबमध्ये पोचल्यावर नव्हे.

क्रमाची थोडी मोकळीक आहे, पण एवढी बंधनं पाळा. खारट धुक्याची चाचणी बुरशीच्या चाचणीआधी नको. वाळू-धुळीची चाचणी बुरशी, खारट धुकं आणि दमटपणा यांच्याआधी नको. स्फोटक वातावरणाची आणि आगीची चाचणी सगळ्यात शेवटी. हे चुकलं तर आधीच्या चाचणीचे अवशेष पुढच्या निकालात मिसळतात आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

माझा व्यवहारी सल्ला: लॅबचं भाडं तासावर असतं, तेव्हा जिथे नापास व्हायची जास्त शक्यता त्या चाचण्या आधी घ्या. बहुतेकांच्या बाबतीत त्या म्हणजे रेडिओ गळती आणि गरम-थंड. दमटपणाची चाचणी दिवसेंदिवस चालते, तिथे काच सुटलेली कळली तर आठवडा गेला.

कागदपत्रांची वाट दोन दिशांनी जाते. नागरी विमानासाठी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाच्या) सीएआर-२१ या नियमावलीतली उपकरण-मंजुरी, जिथे डिस्प्लेसाठी टीएसओ-सी११३ आणि एएस ८०३४ हे मापदंड समोर येतात. लष्करी कामासाठी बेंगळुरूची सेमिलॅक, म्हणजे लष्करी विमानांना आणि त्यांच्या उपकरणांना मंजुरी देणारी संस्था. दोन्हीकडे पहिला प्रश्न टप्पा १ च्या कागदाबद्दलच येतो. तो नंतर मागच्या तारखेने लिहिला की ते जाणकार माणसाला पहिल्या पानावर कळतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी पिशवीत हे भरा: दोन युनिट्स, एक नाही. टप्पा ४ मधले अंधारातले फोटो. जादा रिबन केबल आणि ती बसवायचं भिंग. २८ व्होल्टचा स्वतःचा सप्लाय, लॅबमधला असला तरी. सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती लिहिलेला कागद, आणि तीच आवृत्ती युनिटच्या मागच्या लेबलवर. एका पोराच्या युनिटमध्ये लेबलवर एक आणि आत दुसरी आवृत्ती निघाली होती. चाचणी पास झाली, पण कशाची पास झाली ते सांगता येईना, आणि तो बेंगळुरूहून रात्रीच्या बसने परत आला.